घरगुती सर्व्हरवरील अद्ययावतीकरणाच्या समस्या : कारणमीमांसा आणि निवारणपद्धती

१. प्रस्तावना

‘सर्व्हर’ हा शब्द उच्चारताच बँका, विद्यापीठे किंवा मोठ्या कंपन्यांची वातानुकूलित संगणकदालने डोळ्यांसमोर येतात. वस्तुतः सर्व्हर हे यंत्राच्या आकाराचे नव्हे, तर त्याने पार पाडावयाच्या कार्याचे नाव आहे. जो संगणक अहोरात्र सुरू राहून इतर संगणकांना सेवा पुरवितो तो सर्व्हर होय. घरात अडगळीत पडलेला जुना संगणकही हे कार्य समर्थपणे करू शकतो. कुटुंबाची छायाचित्रे, अध्यापनाची टिपणे, प्रबंधाचे मसुदे, क्षेत्रीय अभ्यासातील ध्वनिमुद्रणे अशी सामग्री एका ठिकाणी ठेवून ती घरातील सर्व उपकरणांवर उपलब्ध करून देण्यासाठी असे सर्व्हर वापरले जातात.

संस्थेतील सर्व्हरसाठी स्वतंत्र तंत्रज्ञ असतो. घरगुती सर्व्हरचा मालक, व्यवस्थापक आणि दुरुस्ती करणारा एकच असतो. बिघाड झाल्यावर सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु जबाबदारी त्या एकट्याची असते. अशा यंत्राच्या जीवनातील सर्वांत कसोटीचा प्रसंग म्हणजे त्यावरील सॉफ्टवेअरचे अद्ययावतीकरण. या प्रसंगी उद्भवणाऱ्या समस्यांचे स्वरूप स्पष्ट करणे, त्यांची कारणे शोधण्याची तर्कशुद्ध पद्धती मांडणे आणि दुरुस्तीच्या प्रयत्नांत माहितीची हानी कशी टाळावी हे सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विवेचनासाठी डेबियन या लिनक्सवर आधारित मुक्त कार्यप्रणालीचे उदाहरण घेतले आहे. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प स्वयंसेवकांच्या सहकार्यावर चालतो आणि त्याच्या प्रत्येक आवृत्तीतील बदलांची तपशीलवार टिपणे प्रकाशित होतात. त्यामुळे कारणमीमांसेसाठी हे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

२. अद्ययावतीकरणाची यंत्रणा

डेबियनमध्ये प्रत्येक सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ या स्वरूपात येते. पॅकेजमध्ये प्रत्यक्ष फाइली, त्या कोठे ठेवावयाच्या याची माहिती आणि ते पॅकेज अन्य कोणत्या पॅकेजांवर अवलंबून आहे याची नोंद असते. या यंत्रणेचे दोन स्तर आहेत. ‘डीपीकेजी’ हा खालचा स्तर पॅकेज उघडतो, त्यातील फाइली जागच्या जागी ठेवतो आणि त्याची मांडणी पूर्ण करतो. ‘ॲप्ट’ हा वरचा स्तर इंटरनेटवरील भांडारातून पॅकेजे आणतो, भांडाराच्या सूचीवरील अंकीय स्वाक्षरी पडताळतो आणि कोणते पॅकेज कोणत्या क्रमाने बसवावयाचे ते ठरवितो.

अद्ययावतीकरणाचेही दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात आवृत्ती तीच राहते आणि केवळ सुरक्षाविषयक व अन्य दुरुस्त्या येतात. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण कार्यप्रणाली पुढच्या आवृत्तीत जाते. उदाहरणार्थ, जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ वरून ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ वर जाणे. पहिला प्रकार घराची डागडुजी, तर दुसरा घराचे नूतनीकरण म्हणता येईल. मधली आवृत्ती गाळून एकदम पुढच्या आवृत्तीवर जाणे डेबियनला मान्य नाही. पायऱ्या एकेक करूनच चढाव्या लागतात.

३. कालक्रम आणि कार्यकारणभाव

अद्ययावतीकरण झाले आणि सर्व्हर बंद पडला, तर दोष अद्ययावतीकरणाला दिला जाणे स्वाभाविक आहे. परंतु ‘नंतर’ आणि ‘मुळे’ हे दोन शब्द एक नव्हेत. भारतीय तर्कपरंपरेत याविषयी ‘काकतालीय न्याय’ प्रसिद्ध आहे. व्यवहारात तोच ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ’ या म्हणीने व्यक्त होतो. सर्व्हरच्या बाबतीत या म्हणीत थोडी भर घालावी लागेल. पुष्कळदा फांदी आधीच आतून पोखरलेली असते; कावळ्याच्या भाराने ती केवळ मोडते.

याचे मुख्य कारण असे की, घरगुती सर्व्हर महिनोन्महिने बंद न होता चालत असतो. या काळात कोणी एखादी डिस्क काढलेली असते, मांडणीच्या फाइलीत एखादी ओळ बदललेली असते, डिस्कचा काही भाग निकामी झालेला असतो. यंत्र सुरू असेपर्यंत या गोष्टींचा परिणाम दिसत नाही, कारण त्यांपैकी अनेक बाबी यंत्र सुरू होतानाच तपासल्या जातात. अद्ययावतीकरणानंतर यंत्र पुन्हा सुरू करावे लागते आणि सर्व साचलेले दोष एकदम समोर येतात. दोष जुने, परीक्षा मात्र नवी, असा हा प्रकार असतो.

डेबियन ८ या एप्रिल २०१५ मधील आवृत्तीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. या आवृत्तीपासून यंत्र सुरू करण्याची जबाबदारी ‘सिस्टिमडी’ या नव्या व्यवस्थेकडे सोपविण्यात आली. कोणत्या डिस्क आपोआप जोडावयाच्या याची यादी ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलीत असते. त्या यादीतील एखादी डिस्क अस्तित्वात नसली, तरी जुनी व्यवस्था यंत्र सुरू करीत असे. नवी व्यवस्था मात्र अशा वेळी काही काळ वाट पाहून यंत्र आणीबाणीच्या अवस्थेत थांबविते. त्यामुळे कधीकाळी काढून टाकलेल्या डिस्कची विस्मृत ओळ ज्यांच्या यादीत राहिली होती, त्यांचे सर्व्हर अद्ययावतीकरणानंतर सुरूच झाले नाहीत. येथे बदल अद्ययावतीकरणाने घडविला हे खरे; पण दुरुस्तीची जागा ती ओळ होती. ती काढून टाकणे किंवा ‘डिस्क नसल्यास पुढे जावे’ अशा अर्थाचा ‘नोफेल’ हा पर्याय तिला जोडणे एवढ्यावर काम भागत होते. ज्याने निदान न करता संपूर्ण प्रणाली पुन्हा बसविली, त्याने काट्याचा नायटा करून घेतला.

याच्या उलट, काहीही न बदलताही सर्व्हर बिघडू शकतो. इंटरनेटवरील सुरक्षित संपर्कासाठी वापरल्या जाणाऱ्या एका मूळ प्रमाणपत्राची, ‘डीएसटी रूट सीए एक्स ३’ची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. त्या वेळी ‘ओपनएसएसएल’ची १.०.२ किंवा त्याआधीची आवृत्ती असलेल्या अनेक यंत्रांचा ‘लेट्स एन्क्रिप्ट’ची प्रमाणपत्रे वापरणाऱ्या संकेतस्थळांशी संपर्क तुटला. त्या यंत्रांवर त्या दिवशी कोणीही काही केले नव्हते. म्हणजे अद्ययावतीकरण हे बिघाडाचे पुरेसे कारण नाही, तसेच ते आवश्यक कारणही नाही.

४. प्रातिनिधिक समस्या आणि त्यांची कारणे

(अ) अर्धवट राहिलेले अद्ययावतीकरण : पॅकेजे बसविली जात असताना वीज गेली किंवा दूरस्थ संपर्क तुटला, तर काही पॅकेजे उघडलेली पण मांडणी न झालेली अशा मधल्या अवस्थेत राहतात. वीजपुरवठ्याची शाश्वती नसलेल्या आपल्याकडील गावांत व उपनगरांत हा धोका नित्याचा आहे. सुदैवाने डीपीकेजी प्रत्येक पॅकेजची अवस्था नोंदवून ठेवते आणि ‘कॉन्फिगर’ या आज्ञेने राहिलेली सर्व पॅकेजे मार्गी लावता येतात. पुढील वेळी असा प्रसंग टाळण्यासाठी यूपीएस वापरावा आणि दूरस्थ संपर्कातून काम करताना ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ यांसारख्या साधनाचा आश्रय घ्यावा. त्यामुळे संपर्क तुटला तरी सर्व्हरवरील काम सुरू राहते.

(आ) कुलूप लागल्याचा संदेश : एका वेळी एकाच प्रक्रियेने पॅकेजांना हात लावावा यासाठी यंत्रणा कुलूप लावते. ते न मिळाल्याचा संदेश आल्यावर कुलपाची फाइलच पुसून टाकण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो घातक आहे. बहुधा त्याच वेळी स्वयंचलित अद्ययावतीकरण पार्श्वभूमीवर चालू असते. कुलूप तोडल्यास दोन प्रक्रिया एकाच नोंदींवर एकदम काम करू लागतात आणि नोंदी बिघडतात. कोणती प्रक्रिया कुलूप धरून आहे हे पाहून ती संपेपर्यंत थांबणे, हाच योग्य मार्ग होय.

(इ) जागेचा अभाव : यंत्र सुरू करण्यासाठी लागणाऱ्या फाइली पुष्कळदा ‘बूट’ या लहानशा स्वतंत्र विभागात असतात. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर तेथे भर पडते आणि जुने कर्नल काढले नाहीत तर विभाग भरून जातो. मुख्य डिस्कवर शेकडो गिगाबाइट मोकळे असूनही ‘जागा नाही’ असा संदेश आला की मालक गोंधळतो. कधी जागा असते, पण फाइलींच्या नोंदींसाठी राखलेल्या ‘आयनोड’ची संख्या संपलेली असते, असंख्य लहान फाइली साठल्यास असे घडते. म्हणून जागा तपासताना प्रत्येक विभाग स्वतंत्रपणे आणि आयनोडसह तपासावा. जुने कर्नल काढताना सध्या चालू असलेला आणि त्याच्या आधीचा एक, असे दोन कर्नल राखून ठेवावेत.

(ई) भांडाराचा पत्ता आणि यंत्राचे घड्याळ : डेबियन ११ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२१ पासून, सुरक्षा-दुरुस्त्यांच्या भांडाराच्या नावाची रचना बदलली. डेबियन १२ मध्ये यंत्रभागांना लागणाऱ्या अ-मुक्त फर्मवेअरसाठी वेगळा विभाग करण्यात आला. यादीत केवळ आवृत्तीचे नाव बदलणाऱ्यास पहिल्या बाबतीत त्रुटीचा संदेश मिळतो. दुसऱ्या बाबतीत फर्मवेअर अद्ययावत होण्याचेच थांबू शकते, आणि मूक दोष हा बोलक्या दोषापेक्षा अधिक धोकादायक असतो. घड्याळाचीही अशीच गोष्ट आहे. जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे जाऊ शकते. मग भांडारातील माहिती ‘भविष्यातील’ ठरून नाकारली जाते, प्रमाणपत्रेही अवैध वाटू लागतात. सॉफ्टवेअरचा भासणारा हा दोष स्वस्तातल्या बॅटरीने दूर होतो.

(उ) सेवांच्या आवृत्त्यांतील विसंगती : डेबियन १२ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसची १५ वी, तर डेबियन १३ मध्ये १७ वी मुख्य आवृत्ती आहे. नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीच्या माहितीफाइली थेट वापरू शकत नाही. माहितीचे स्थलांतर जाणीवपूर्वक करावे लागते. प्रणाली पुढे गेली, पण डेटाबेस जुन्याच आवृत्तीवर चालू आहे, अशी स्थिती त्यामुळे निर्माण होते. जुनी पॅकेजे ‘आता निरुपयोगी’ समजून मांडणीसह समूळ काढल्यास त्यांच्याबरोबर माहितीही जाण्याचा धोका असतो. छायाचित्रे व फाइली साठविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नेक्स्टक्लाउडसारख्या सेवाही पीएचपी भाषेच्या ठरावीक आवृत्त्यांवरच चालतात आणि त्यांची मुख्य आवृत्ती एकेक पायरीनेच वाढविता येते. म्हणून प्रणाली पुढे नेण्यापूर्वी तिच्यावर चालणारी प्रत्येक सेवा नव्या आवृत्तीशी सुसंगत आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

(ऊ) यंत्राचा स्वतःचा बिघाड : अद्ययावतीकरणात डिस्कवर मोठ्या प्रमाणात लेखन होते. जीर्ण डिस्कचा दोष अशा वेळी उघड होतो. डिस्कमध्ये अंगभूत असलेल्या ‘स्मार्ट’ या स्वनिरीक्षण व्यवस्थेतील निकामी व संशयित भागांची संख्या वाढत असल्यास सॉफ्टवेअरची कोणतीही दुरुस्ती व्यर्थ आहे. तेथे प्रथम माहिती दुसऱ्या डिस्कवर हलविणे, हेच पहिले कर्तव्य ठरते.

५. निवारणाची क्रमबद्ध पद्धती

वरील समस्या भिन्न असल्या तरी त्यांच्या निदानाची रीत एकच आहे. तिचे पाच टप्पे करता येतात.

पहिला टप्पा थांबण्याचा आहे. बिघाड दिसताच घाईघाईने आज्ञा देत सुटल्यास मूळ दोषावर नव्या दोषांची पुटे चढतात. यंत्र कोणत्या अवस्थेत आहे, कोणता संदेश दिसतो, हे लिहून घ्यावे किंवा पडद्याचे छायाचित्र काढावे.

दुसरा टप्पा नोंदी वाचण्याचा. ॲप्ट आणि डीपीकेजी आपल्या प्रत्येक कृतीची नोंद दिनांक व वेळेसह ठेवतात. कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेले, हे त्यांतून निश्चित कळते. सेवांच्या नोंदी सिस्टिमडीच्या ‘जर्नल’मध्ये मिळतात, डेबियन ११ पासून त्या यंत्र बंद केल्यावरही टिकून राहतात. या नोंदी वाचताना शेवटच्या नव्हे, तर पहिल्या त्रुटीकडे लक्ष द्यावे. एक सेवा कोसळली की तिच्यावर अवलंबून असलेल्या अनेक सेवा एकामागून एक कोसळतात आणि शेवटचा संदेश हा बहुधा परिणामाचा परिणाम असतो.

तिसरा टप्पा अन्वय-व्यतिरेकाचा आहे. कारण असता कार्य घडते हा अन्वय आणि कारण नसता कार्य घडत नाही हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्यावाचून कारण सिद्ध होत नाही. संशय नव्या कर्नलवर असेल, तर यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या यादीतून जुना कर्नल निवडावा. दोष नाहीसा झाला तर संशयाला बळ मिळते. तो कायम राहिला तर कर्नल निर्दोष ठरतो. या परीक्षेत एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलून सर्व्हर सुरू झाला, तरी कोणत्या गोष्टीने तो सुरू झाला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी तेच संकट पुन्हा उभे राहते.

चौथा टप्पा परत फिरता येईल अशा दुरुस्तीचा. कोणतीही फाइल बदलण्यापूर्वी तिची प्रत ठेवावी. अद्ययावतीकरणात मांडणीची जुनी फाइल ठेवावी की नवी घ्यावी, असा प्रश्न डीपीकेजी विचारते. उत्तर कोणतेही दिले तरी दुसरी फाइल सामान्यतः वेगळ्या नावाने राखली जाते. दोन्हींची तुलना करून निर्णय घ्यावा.

पाचवा टप्पा पडताळणीचा. दुरुस्ती झाल्यावर यंत्र पुन्हा एकदा बंद करून सुरू करावे आणि सर्व सेवा आपोआप उभ्या राहतात की नाही ते पाहावे. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या ‘हार्टब्लीड’ या ओपनएसएसएलमधील दोषाच्या वेळी ही बाब प्रकर्षाने पुढे आली. दुरुस्त पॅकेज बसविले, तरी आधीपासून चालू असलेल्या सेवा स्मृतीतील जुनाच सदोष भाग वापरत राहतात. त्या पुन्हा सुरू केल्यावरच दुरुस्ती लागू होते. पॅकेज बसणे आणि दुरुस्ती अमलात येणे यांत म्हणूनच भेद करावा लागतो.

६. पूर्वतयारी

निदानाचे निम्मे काम अद्ययावतीकरणापूर्वीच करता येते. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे : अद्ययावतीकरण करण्याच्या आधी, काहीही न बदलता, यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे. दोष तेव्हाच दिसला, तर अद्ययावतीकरणाचा त्याच्याशी संबंध नाही हे निर्विवादपणे सिद्ध होते. यंत्र निर्वेध सुरू झाले, तर नंतरच्या दोषाचा शोध नुकत्याच झालेल्या बदलांपुरता मर्यादित होतो. काही मिनिटांची ही कृती नंतरचे कित्येक तास वाचविते.

दुसरी तयारी बॅकअपची. एकाच यंत्रातील दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारी ‘रेड’ व्यवस्था म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल तेथे दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते. निदान एक प्रत यंत्राबाहेर आणि शक्य तर घराबाहेर असावी. डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइली नुसत्या उचलून ठेवू नयेत. त्याच्या स्वतःच्या साधनाने प्रत काढावी. त्या प्रतीतून काही फाइली परत मिळवून, उघडून पाहाव्यात. ज्या बॅकअपमधून माहिती परत मिळवून पाहिलेली नाही, तो बॅकअप म्हणजे केवळ एक आशा होय.

तिसरी तयारी नवीन आवृत्तीची टिपणे वाचण्याची. डेबियन १३ मध्ये ३२-बिट संगणकांसाठीचे कर्नल आणि स्थापना-साधन बंद झाले. जुना ३२-बिट संगणक सर्व्हर म्हणून वापरणाऱ्याला ही बाब आधी कळली तर तो यंत्र बदलण्याचे नियोजन करू शकतो. नंतर कळली तर केवळ मनस्ताप पदरी पडतो.

७. अद्ययावतीकरण टाळावे काय?

इतके धोके असतील तर चालत्या गाड्याला खीळ का घालावी, असा प्रश्न उपस्थित होतो. मार्च २०२४ मधील ‘एक्सझेड’ प्रकरण या मताच्या पुष्टीसाठी सांगितले जाते. या संक्षेपन-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर चोरवाट घातलेली होती. दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या क्षुल्लक विसंगतीचा पाठपुरावा करून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती उघडकीस आणली. येथे नवी आवृत्ती घेणारेच धोक्यात आले होते.

परंतु त्यावरून अद्ययावतीकरण टाळावे असा निष्कर्ष निघत नाही. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती सदोष पॅकेजे पोहोचलीच नव्हती. बाधा विकसनशील शाखांना झाली होती. स्थिर आवृत्तीत नवे गुणविशेष येत नाहीत, मात्र सुरक्षा-दुरुस्त्या तत्परतेने येतात. म्हणून घरगुती सर्व्हरसाठी स्थिर आवृत्ती निवडणे आणि तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या नियमितपणे घेणे, हा विवेकाचा मार्ग ठरतो. शिवाय अद्ययावतीकरण लांबणीवर टाकल्याने धोका टळत नाही, तो साचत जातो. डेबियन ९ चे दीर्घकालीन साहाय्य जून २०२२ अखेर संपले. अशा आवृत्तीवर राहिलेल्या यंत्राला डेबियन १३ गाठण्यासाठी चार पायऱ्या लागोपाठ चढाव्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर वर वर्णिलेल्या समस्या वाट पाहत असतात.

८. समारोप

घरगुती सर्व्हरचे यंत्र जुने आणि स्वस्त असते. त्यावरील माहिती मात्र तशी नसते. कार्यप्रणाली पुन्हा बसविता येते, डिस्क बाजारात मिळते, पण दिवंगत आप्ताचे छायाचित्र किंवा क्षेत्रीय अभ्यासात नोंदविलेली वृद्ध निवेदकाची मुलाखत पुन्हा मिळत नाही. अद्ययावतीकरणाने यंत्र बंद पडले, तरी ही माहिती बहुतेक वेळा डिस्कवर सुरक्षित असते. ती नष्ट होते ती अनेकदा घाईने केलेल्या दुरुस्तीत : कुलूप तोडण्यात, डेटाबेस समूळ काढण्यात, निदानाआधीच डिस्क नव्याने आखण्यात. रोगापेक्षा इलाज भयंकर ठरू नये यासाठी ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांतील भेद ओळखणे, हीच या विषयातील पहिली आणि सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. संशोधनात जे शिस्तपालन अध्यापक आपल्या विद्यार्थ्यांकडून अपेक्षितात, म्हणजे आधी नोंद, मग अनुमान, मग परीक्षा आणि शेवटी कृती, तेच येथेही पुरेसे आहे. त्यासाठी संगणकशास्त्राच्या पदवीची गरज नाही.